घरचे नियम आणि वाढीव दैत्य

वाचक हा संहितेचा सहनिर्माता असतो, हे विधान साहित्याच्या वर्गात आता इतके अंगवळणी पडले आहे की त्याला कोणी हरकत घेत नाही आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडतही नाही. कादंबरी वाचताना मी मनात काहीही निर्माण केले तरी छापील पानावरची अक्षरे जागची हलत नाहीत. परंतु गेल्या पन्नास वर्षांत एक असा कथनप्रकार रूढ झाला आहे की जिथे हे विधान शब्दशः खरे ठरते आणि त्याची किंमतही मोजावी लागते. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांविषयी मी बोलतो आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा त्यातला आद्य आणि सर्वांत प्रसिद्ध खेळ. चार-पाच जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार असतो (खेळातला शब्द 'डंजन मास्टर'), बाकीचे प्रत्येकी एका नायकाची भूमिका घेतात. सूत्रधार जग वर्णन करतो, खेळाडू आपापल्या नायकाने काय केले ते सांगतात, आणि जिथे निष्पत्ती अनिश्चित असते तिथे फासे टाकून, नियमपुस्तकाच्या आधारे निर्णय होतो.

या व्यवहारात मूळ संहितेत दोन प्रकारचे फेरफार सर्रास होतात. एक, त्या टेबलापुरते बदललेले नियम, म्हणजे घरचे नियम. दुसरा, पुस्तकातला एखादा दैत्य उचलून सूत्रधाराने तो अधिक बलवान करणे. (इथे मी मुद्दाम 'दैत्य' म्हणतो आहे, कारण 'राक्षस' नावाची एक स्वतंत्र जात या खेळात आहे. तिच्याकडे पुढे येऊ.) या दोहोंविषयी खेळणाऱ्यांमध्ये जी चर्चा चालते ती बहुतेक 'समतोल' या एकाच शब्दाभोवती फिरते, आणि समतोल म्हणजे बेरीज-वजाबाकी जुळणे असे त्यात गृहीत धरलेले असते. मला हे गृहीतक अपुरे वाटते. दैत्य किती वाढवला यापेक्षा त्याची वाढ खेळाडूंना वाचता येते की नाही, हा प्रश्न आधीचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

नियम घरोघरी बदलणे आपल्याला नवे नाही. बदाम सात किंवा मेंढीकोट खेळायला नवा भिडू बसला की पहिला प्रश्न "तुमच्याकडे कसं खेळतात?" हाच असतो. हा प्रश्न पाने वाटण्याआधी विचारला जातो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती हजार प्रतींची. पुस्तिका इतक्या त्रोटक होत्या की लढाईच्या नियमांसाठी 'चेनमेल' या १९७१ च्या वेगळ्याच पुस्तिकेचा आधार गृहीत धरला होता. ती ज्याच्याकडे नव्हती त्याने काय करावे? त्याने आपले नियम आपणच रचले. शेवटच्या पुस्तिकेच्या अखेरीस लेखकांनीही वाचकांना हेच सुचवले होते की पुढची कल्पना तुमची तुम्ही करा. पाठोपाठ १९७५ मध्ये 'ग्रेहॉक' आणि 'ब्लॅकमूर' या पुरवण्या आल्या. त्या म्हणजे अनुक्रमे गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या टेबलांवरचे घरचे नियमच होते, फक्त छापलेले. कॅलिफोर्नियात डेव्ह हारग्रेव्ह यांनी १९७७ साली 'द आर्ड्युइन ग्रिमोअर' काढले. तेही एका टेबलाचे नियम, आणि त्यातला वर्मी घावांचा तक्ता विशेष गाजला. थोडक्यात, या परंपरेत मूळ संहिता आणि प्रक्षेप यांच्यातली सीमा आरंभापासूनच पुसट आहे. ज्यांनी महाभारताच्या पाठचिकित्सेविषयी थोडेफार वाचले आहे त्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे प्रक्षेप करणारे लेखक स्वतःच पुढे आले आणि ते विकूही लागले.

पुढे १९७७ ते १९७९ या काळात 'अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तीन जाडजूड बांधीव पुस्तके निघाली, आणि त्या वेळी गायगॅक्स यांची भूमिका बदललेली दिसते. आता त्यांना एकरूपता हवी होती. वेगवेगळ्या शहरांतले अनोळखी लोक स्पर्धेसाठी एका टेबलावर बसायचे तर नियम एकच हवेत, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. लेखक आपल्या सुटलेल्या संहितेवर पुन्हा मालकी सांगू पाहतो, असे त्याचे वाचन करता येईल, आणि ते चूक नाही. परंतु १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात एक मुद्दा त्यांनी फार मार्मिकपणे मांडला आहे. वर्मी घावांचे नियम आणायचे तर ते दोन्ही बाजूंना लागू करावे लागतील आणि मग खेळाडूंच्या नायकांचे आयुष्यच घटेल, असा तो मुद्दा.

याचे गणित सोपे आहे. समजा घरचा नियम असा केला की वीस बाजूंच्या फाशावर लागोपाठ दोनदा वीस पडले आणि नंतरचा घाव लागला तर समोरचा तत्काळ ठार. (तिसऱ्या आवृत्तीच्या सूत्रधार-पुस्तकात हा नियम ऐच्छिक म्हणून छापलेलाच आहे.) घाव लागण्याची शक्यता निम्मी धरली तर आठशे घावांत एकदा हे घडेल. दैत्याचे आयुष्य एका लढाईचे. त्याच्यावर दहा-वीस घाव पडतात, तो मरतो, विषय संपतो. नायक मात्र वर्षभर प्रत्येक लढाईत हजर असतो, आणि त्याच्यावर पडणाऱ्या घावांची संख्या हजाराच्या घरात सहज जाते. म्हणजे नियम दोन्ही बाजूंना सारखा, पण त्याचा भार एकाच बाजूवर. जो पात्र म्हणून टिकून राहतो त्यालाच अपघाताचे राज्य भोवते. हे तत्त्व कथनशास्त्राच्या पुस्तकांत मला सापडले नाही, नियमपुस्तकात सापडले.

आता दैत्यांकडे वळू. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली आणि २००३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती. तोवर मूळ प्रकाशनसंस्था विकली जाऊन मालकी बदललेली होती, परंतु तो इतिहास इथे नको. या आवृत्तीची खरी नवलाई अशी की नायक ज्या व्याकरणाने घडतात त्याच व्याकरणाने दैत्यही घडू लागले. प्रत्येक दैत्याला काही 'हिट डाइस' असतात. किती फासे टाकून त्याचे प्राणबळ ठरवायचे, ती ही संख्या. तिच्यावरच त्याची मारण्याची क्षमता आणि इतर बरेच काही अवलंबून असते. शिवाय प्रत्येकाला एक 'चॅलेंज रेटिंग', त्याला आपण आव्हानांक म्हणू. आव्हानांक चार म्हणजे चौथ्या पातळीच्या चार नायकांना तो दैत्य जड पण आवाक्यातला. आणि प्रत्येक वर्णनाच्या तळाशी एक ओळ: हा दैत्य कसा आणि कुठवर वाढू शकतो.

ही तळाची ओळ साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावी. लांडगा मूळचा दोन हिट डाइसचा. तो सहापर्यंत वाढतो, त्यापुढे नाही. म्हणजे त्यापुढे तो लांडगा राहत नाही, असे पुस्तकाचे मत आहे. ओगर नावाचा धिप्पाड नरभक्षक मात्र अंगाने वाढत नाही; तो व्यवसायाने वाढतो. त्याला योद्ध्याच्या किंवा मांत्रिकाच्या पातळ्या मिळतात, जशा नायकांना मिळतात. ड्रॅगन वयाने वाढतो: पिल्लू, तरुण, प्रौढ, अतिप्राचीन. देहाचा काळ, शिक्षणाचा काळ आणि नुसत्या वयाचा काळ असे तीन काळ इथे तीन प्रकारच्या जिवांना वाटून दिले आहेत. ज्याला चरित्र असू शकते तो व्यवसायाने वाढतो, ज्याला नाही तो अंगाने. नियमांच्या कोरड्या भाषेत ही जीवसृष्टीविषयीची केवढी मोठी भूमिका आहे!

एक उदाहरण सविस्तर पाहू. आउलबेअर हा घुबडाच्या डोक्याचा आणि अस्वलाच्या धडाचा प्राणी. त्याचा जन्म मजेशीर आहे: हाँगकाँगात बनलेली स्वस्त प्लॅस्टिकची खेळणी गायगॅक्स यांना दुकानात मिळाली, त्यांतल्या एकावरून त्यांनी तो रचला. २००३ च्या पुस्तकात तो पाच हिट डाइसचा, आव्हानांक चार, सरासरी प्राणबळ ५२. तो पंजा मारतो आणि पकडतो. ती पकड हेच त्याचे खरे हत्यार. आठ हिट डाइसपर्यंत त्याचा आकार तोच राहतो, नऊपासून तो 'प्रचंड' या वरच्या आकारवर्गात जातो. त्याला नऊ हिट डाइसचा केला तर पुस्तकातल्या कोष्टकानुसार वाढीव हिट डाइसबद्दल एक आणि आकाराबद्दल एक, असा आव्हानांक सहा होतो. चाराचे सहा, फार नव्हे. परंतु आकारासोबत बळ आणि काटकपणाही वाढतात, आणि काटकपणा प्रत्येक हिट डाइसमागे प्राणबळात भर घालतो. प्राणबळ ५२ वरून साधारण ११२ वर जाते. घाव घालण्यातली अधिकता नवावरून सोळावर. त्याला घाव लागण्याची अवघडता मात्र पंधरावरून सोळा, म्हणजे जवळपास तीच.

आणि पकड? ती चौदावरून सव्वीसवर जाते. चौथ्या पातळीचा, चांगल्या बळाचा योद्धा मूळ आउलबेअरच्या मिठीतून सुटू पाहतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या फाशांच्या चारशे संभाव्य जोड्यांपैकी ९१ त्याच्या बाजूच्या असतात. तोच योद्धा सहाव्या पातळीला पोचून वाढीव आउलबेअरच्या मिठीत सापडला तर चारशेपैकी फक्त सहा. कोष्टक म्हणते, दोन्ही लढती सारख्याच समतोल.

सर्वसाधारण निष्कर्ष असा निघतो की कोष्टक चुकले, सूत्रधाराने आव्हानांक आणखी एकाने वाढवावा. तसे जरूर करावे. पण माझा मुद्दा इथे वेगळा होतो. 'प्रचंड' आकाराचा आउलबेअर सोळा फुटांहून उंच असतो. त्याच्या वाटेवरची झाडे मोडलेली असणार, खोडांवरचे ओरखडे माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर असणार, त्याने सोडलेले मढे हरणाचे नसून बैलाचे असणार. सूत्रधाराने हे सांगितले आणि तरीही योद्धा मिठीच्या अंतरात गेला, तर चारशेपैकी सहा हे प्रमाण त्याने स्वतः पत्करले आहे. त्यात अन्याय नाही. उलट आठ हिट डाइसचा आउलबेअर घ्या. आव्हानांक फक्त पाच, प्राणबळ ८४ च्या आसपास, पकड सतरा. आकड्यांनी कितीतरी सौम्य. पण दिसायला तो हुबेहूब पाचवाल्यासारखा! मागच्या वेळी अमुक इतक्या घावांत तो पडला होता, हे खेळाडूंनी अनुभवाने मिळवलेले ज्ञान आता कारण न सांगता रद्द झालेले असते. गणिताने पाहिले तर दुसरा दैत्य अधिक समतोल. कथनाच्या नीतीने पाहिले तर पहिलाच. मी पहिल्याच्या बाजूचा आहे. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चे'त काव्याचे जीवित म्हणून ज्याचा विचार केला, ते औचित्य परिमाणाचे नाव नाही, संबंधाचे आहे. खेळणाऱ्यांच्या 'समतोल' या शब्दाला हाच अर्थ द्यायला हवा.

नायक वाढले म्हणून दैत्यही तेवढेच वाढवणे, ही तर फारच रुळलेली खोड आहे. पहिल्या पातळीला गावाबाहेर लांडगे होते. आठव्या पातळीला त्याच गावाबाहेर त्याच रानात आठव्या पातळीला पुरतील असे लांडगे. मग मधली वर्षभराची वाढ कशासाठी होती? गावकरी इतके दिवस जिवंत कसे राहिले? दैत्याच्या वाढीचे कारण त्याच्या आयुष्यात असावे, नायकाच्या कोष्टकात नव्हे.

या संदर्भात 'बेओवुल्फ'ची आठवण अपरिहार्य आहे. टोल्किन यांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात त्या काव्यातले दैत्य आनुषंगिक नसून केंद्रस्थानी आहेत, हे ठासून मांडले होते. तिथे तीन लढती आहेत, आणि प्रत्येकीत शस्त्राचा नियम बदलतो. ग्रेंडेलवर शस्त्र चालत नाही, त्याच्याशी नुसत्या हातांनी झुंज. त्याच्या मातेशी लढताना आणलेली तलवार निकामी ठरते आणि तिच्याच गुहेत सापडलेली राक्षसी तलवार कामी येते. पन्नास वर्षे राज्य करून नायक म्हातारा झाल्यावर ड्रॅगन येतो. म्हणजे दैत्य चढत्या क्रमाने आणि नायक उतरत्या. आव्हानांकाच्या कोष्टकात ही तिसरी लढत बसणार नाही, आणि ती बसत नाही यातच त्या काव्याचा सारा शोक आहे. पण ती आंधळी मात्र नाही. ड्रॅगनने राजवाडा जाळलेला आहे. त्यावरून बेओवुल्फ ओळखतो की लाकडी ढाल टिकणार नाही, आणि लोखंडी ढाल घडवून घेतो. तो मरतो, पण फसवला जात नाही.

आता 'राक्षस'. भारतीय वाचकाला इथे थोडी चीड येणे स्वाभाविक आहे. या खेळातला राक्षस १९७५ मध्ये अवतरला तो रामायणातून नव्हे, तर 'कोल्चॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ मधल्या एका भागातून. मंतरलेल्या बाणाने तो मरतो, हे त्या भागातले कथासूत्र नियम होऊन बसले. १९७७ च्या दैत्यांच्या पुस्तकात त्याचे जे चित्र आले त्याला वाघाचे डोके होते, आणि तेव्हापासून तो वाघमुखी. एका टेबलाचा घरचा नियम जगभराचा पाठ कसा होतो, याचा हा नमुना. आता पुण्यातल्या एखाद्या टेबलावर सूत्रधाराने राक्षस आणला तर खेळाडूंनी कोणती संहिता वाचायची? पुराणांतली, की पुस्तकातली? पुस्तक वाचलेला खेळाडू टोकदार, मंतरलेले शस्त्र शोधेल. कथा-कीर्तने ऐकलेला, याला कोणी आणि काय वर दिला आहे ते शोधेल. दोन्ही वाचने प्रामाणिक आहेत. सूत्रधाराने दुसरी निवडली तर ते उत्तमच, मला तर तीच हवी. पण ती निवड आरंभी सांगितली पाहिजे, नाहीतर पहिल्याचा अभ्यास निष्कारण वाया गेला.

घरचे नियम आणि दैत्यांची वाढ हे एकमेकांपासून सुटे नसतात, हेही थोडे पाहिले पाहिजे. तिसऱ्या आवृत्तीत प्राणबळ शून्याखाली गेल्यावर उणे नवापर्यंत नायक मरणासन्न असतो, उणे दहाला मृत. खालच्या पातळ्यांवर, जिथे एक घाव सात-आठ प्राणबळ नेतो, तिथे ही दहाची फट पुरेशी आहे. सोबत्यांना धावून यायला वेळ मिळतो. वाढवलेला दैत्य एका घावात तीस नेऊ लागला की नायक ती फट ओलांडूनच पलीकडे पडतो. मरणाचा उंबरठा नाहीसा होतो, आणि त्याबरोबर सोबत्याने वाचवण्याचा प्रसंगही. म्हणून कित्येक टेबलांनी ही मर्यादा नायकाच्या काटकपणाइतकी केली, आणि २००९ मध्ये 'पाथफाइंडर' या खेळाने तोच नियम छापला. हा मला घरच्या नियमाचा आदर्श वाटतो. तो सर्वांना ठाऊक आहे, दोन्ही बाजूंना लागू आहे, आणि तो खेळ सोपा करण्यासाठी नसून एक विशिष्ट प्रकारचा प्रसंग कथेत शिल्लक राहावा म्हणून केलेला आहे.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत दैत्यांचे व्याकरण पुन्हा नायकांपासून तोडले गेले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वाढीची ती तळाची ओळ नाहीशीच झाली, आणि सूत्रधाराच्या पुस्तकात एक कोष्टक आले, ज्यात हवा तो आव्हानांक निवडून त्याप्रमाणे प्राणबळ आणि मारा ठरवता येतो. काम हलके झाले, यात शंका नाही. पण आधी आकडा, मग त्यावर दैत्य नेसवायचा! लांडगा कुठवर लांडगा राहतो, हा प्रश्न विचारण्याची जागा पुस्तकातून गेली.

राहता राहिला एक आक्षेप, आणि तो अनुभवी सूत्रधारच घेतात. ते म्हणतात, आम्ही पडद्यामागे आकडे बदलतो ते कथा रंगावी म्हणून. लढत लवकर संपत असेल तर दैत्याला गुपचूप चाळीस प्राणबळ अधिक देतो, खेळाडूंना कळतही नाही आणि सगळे खूश होऊन घरी जातात. लेखकाला हा अधिकार नाही का? लेखकाला आहे. पण इथे सूत्रधार एकटा लेखक नाही. ज्या खेळाडूने नेमक्या जागी नेमका मंत्र वापरून लढत लवकर संपवली, त्याचे वाक्य त्याने खोडले आहे. आणि कळत नाही, हेही खरे नव्हे. तीन-चार महिन्यांत खेळाडूंना अंदाज येतो की दैत्य तेव्हाच मरतो जेव्हा सूत्रधाराला वाटते. कोणी तक्रार करत नाही. फक्त झाडावरचे ओरखडे किती उंचीवर आहेत, हे विचारणे ते बंद करतात.